धरून ठेवलेला शुक्रवार

सकाळी दहानंतर माझा फोन वाजायला लागला की ऑफिसात माझ्या शेजारी बसणारी मुलगी मुकाट्याने उठून पाण्याची बाटली भरायला जायची. मी फोनवर कशी बोलते हे तिला ठाऊक होतं. फोनही रोज तोच असायचा. अमरावतीच्या सेंटरवरची सिस्टर म्हणायची, "मॅडम, पडद्यावर चकरी फिरूनच रायली. पेशंट मशीनवर घ्याचा हाय अन् मागच्या वेळचं वजन दिसत नाई." मी म्हणायची, दोन मिनिटं थांबा. ती म्हणायची, "कालबी दोनच मिनिटं म्हणत होत्या तुमी." मग माझं डोकं फिरायचं.

आमची कंपनी लहान. अमरावतीच्या राजापेठेत एका कापडाच्या दुकानाच्या वर दोन खोल्या, थोडी माणसं आणि एक सर. एका धर्मादाय संस्थेची डायलिसिस सेंटरं आहेत, अकोल्याला एक, अमरावतीला एक, आणखी एकदोन तालुक्याच्या गावी. त्यांची वेबसाइट आम्ही चालवतो. कोणत्या पेशंटचा कोणत्या दिवशी कोणत्या मशीनवर नंबर, मशीनवर घेण्याआधी वजन किती, नंतर किती, बीपी किती, सगळं त्यातच. धारणीकडचा माणूस पहाटेच्या जीपने निघतो, पुढे एसटी पकडून अमरावतीला येतो, आणि काउंटरवर पाहावं तर चकरी फिरत असते. त्याला सर्व्हर म्हणजे काय ते सांगून काय उपयोग? त्याचे पाय सुजलेले असतात, धाप लागलेली असते. त्याला मशीन पाहिजे असतं.

हे काम आमच्याकडे आलं तेव्हा माझा दादा धडधाकट होता. अकोल्याच्या बाहेर आमच्या वडिलांच्या मळ्यात तो भाजीपाला आणि झेंडू काढायचा आणि पहाटे स्वतः बाजारात नेऊन विकायचा. बीपीची गोळी त्याला डॉक्टरांनी कधीचीच लावून दिली होती. ती तो आठवण आली की घ्यायचा, आणि आठवण त्याला सणावारी यायची. त्यातच दोन्ही किडन्या गेल्या. ज्या पडद्यावरची बटनं मी माझ्या हाताने बसवली होती, त्या पडद्यावर एके दिवशी माझ्याच भावाचं नाव आलं. मंगळवार आणि शुक्रवार, सकाळची वेळ.

तेव्हापासून मंगळवारी आणि शुक्रवारी मी ऑफिसात शिरले की आधी अकोल्याचा तक्ता उघडायची. जागा राखली गेली की नावाची चौकट पिवळी होते. त्याची चौकट पिवळी दिसली की माझा जीव भांड्यात पडायचा. आतले वजनाचे, बीपीचे आकडे आम्ही बघायचे नसतात, ते सिस्टरांचं आणि डॉक्टरांचं. मला तेवढा पिवळा रंग पुरे होता. दादा फोनवर तसाही फार बोलत नसे. वहिनी एकदा म्हणाली होती, "नणंदबाई अमरावतीत बसून उंटावरून शेळ्या हाकतात." मी हसले होते. खरं तर मला ते लागलं होतं, पण हाकत तर होते ना, असंही वाटलं होतं.

तर साइट सकाळी का अडकते, हा प्रश्न होता. समोरच्या पानावर काहीही दाखवायचं तर मागच्या डेटाबेसकडे जाऊन माहिती आणावी लागते. जायला कनेक्शन लागतं. दर वेळी नवं कनेक्शन जोडण्यात वेळ जातो, म्हणून काही कनेक्शनं आधीच जोडून एका ठिकाणी ठेवलेली असतात. आमच्याकडे वीस होती. ज्याला काम आहे त्याने त्यातलं एक घ्यायचं, काम करायचं, परत ठेवायचं. काम डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच होतं, म्हणून वीस कनेक्शनांत शेकडो माणसांचं भागतं. मात्र घेतलेलं परत ठेवलं पाहिजे, एवढी एकच अट. विसाच्या वीस कोणी धरून बसलं की एकविसावा नुसता उभा. त्याच्या पडद्यावर चकरी फिरते, आणि तो मला फोन करतो.

आमच्या सरांचा सगळ्या दुखण्यांवर एकच उपाय होता. "वीसचे शंभर करा ना मॅडम. आकडाच तर बदलायचा आहे." आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. मी म्हटलं, "सर, डेटाबेसलाच तेवढी झेपत नाहीत. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार? आणि शंभर केली तर शंभर अडकतील. आधी अडकतात कुठे ते बघू द्या." सर म्हणाले, बघा, पण लवकर बघा. मी त्यांना काहीतरी बोलले असते, पण तेवढ्यात परत फोन वाजला.

कोणी कनेक्शन घेतलं आणि किती वेळ परत केलं नाही, याची नोंद करणारी एक सोय सर्व्हरमध्ये असते. ती मी चालू केली आणि काही आठवडे नुसती बघत राहिले. चित्र लवकरच स्पष्ट झालं. अमरावती स्वच्छ होती, तालुक्याची गावं स्वच्छ होती. कनेक्शनं अडकत होती अकोल्याच्या काउंटरवर, नंबर देण्याच्या पानावर. ते पान आमच्या आधीच्या प्रोग्रामरने लिहिलं होतं, जो आता पुण्यात मोठ्या पगारावर आहे. एकच जागा दोन जणांना जाऊ नये म्हणून त्याने अशी तजवीज केली होती, की पान उघडलं की ती जागा अडवली जाईल, आणि सेव्ह करेपर्यंत किंवा पान मिटेपर्यंत ते कनेक्शन तसंच धरलेलं राहील. त्याला वाटलं असेल, माणूस पान उघडतो, नंबर देतो, मिटतो, किती वेळ लागणार? अकोल्याच्या काउंटरवर कोण बसतं हे त्याला माहीत नव्हतं.

तिथे एक ताई बसतात. पन्नाशीच्या, जुन्या शहरात राहणाऱ्या, पेशंटांना नावानिशी ओळखणाऱ्या. मी त्यांना फोन लावला आणि सरळ विचारलं, "ताई, सकाळी आल्या आल्या तुम्ही पंधरा-वीस पानं उघडून ठेवता का?"

"हो ना," त्या म्हणाल्या. काही चुकतंय असं त्यांच्या आवाजात नव्हतंच. "जे येणार हायत त्यायची काढून ठेवतो. नाई तं फोनवरून दुसरं कोणी जागा घेऊन घेते. दूरून येतात बाप्पा लोकं, एसटी लेट होते."

"पण सेव्ह का नाही करत?"

"सेव्ह केलं अन् मानूस आला नाई, तं तुमचा कम्पुटर गैरहजर लावते त्याले. मंग तीनदा गैरहजर झालं की नाव कटते. आमच्या मोहल्ल्यात नळाले पाणी कवा येईन नेम नाई. बाई आपला पाण्याचा गुंड लाइनीत लावून घरी जाते. लाइन सरकली की मागची बाई तिचाबी गुंड पुढं सरकवते. कोणी उचलून बाजूले ठेवत नाई. तसंच हाय हे."

मला राग आला होता आणि हसूही येत होतं. सगळ्या जिल्ह्यांची सेंटरं ज्या दुखण्यापायी अडून बसत होती, ते हे होतं. ताई सकाळी एकेकाचा गुंड लावत होत्या. माणसं आली की जागा सेव्ह होत होत्या, दुपारपर्यंत कनेक्शनं मोकळी होत होती, म्हणून आमचा त्रास फक्त सकाळचा. मग मी नोंदीतली शेवटची गोष्ट विचारली, आणि मुद्दाम टोचून विचारली, कारण त्या दिवशी मी सरांची बोलणी खाऊन बसले होते. "बाकीचं जाऊ द्या, पण दर शुक्रवारी एक पान संध्याकाळी तुम्ही कॉम्प्युटर बंद करेपर्यंत उघडंच असतं. हे एवढं लाडकं पेशंट कोण आहे?"

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला, मग दार लोटल्याचा. 

"मॅडम," ताई म्हणाल्या, "ते तुमच्या भावाचं हाय."

मग त्यांनी सांगितलं. पोळा झाल्यापासून दादा शुक्रवारी येतच नव्हता. मंगळवारी यायचा, मुकाट मशीनवर पडायचा, घरी जायचा. शुक्रवारी नाही. पहिल्यांदा त्यांनी फोन केला तेव्हा तो म्हणाला होता, माझ्या बहिणीला सांगू नका, ती तिकडून धावत येईल. "मंग मीनं जागा धरून ठेवली. म्हटलं, आज नाई तं पुढच्या शुक्रवारी येईन. मानूस दारात आला अन् जागा गेली असन, तं कोणत्या तोंडानं सांगू त्याले?"

मी त्यांच्यावर ओरडले. काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्या ऐकून घेत होत्या, आणि त्या ऐकून घेत आहेत याचाही मला राग येत होता. फोन ठेवला आणि तक्ता उघडला. शुक्रवारच होता. दादाची चौकट पिवळीधमक होती. इतके दिवस ती बघून मी चहा मागवत होते.

पुढच्या शुक्रवारी पहिल्या एसटीने निघाले. मूर्तिजापूर येईपर्यंत त्याला काय काय ऐकवायचं याची माझी उजळणी झाली होती. अकोल्याला उतरून घरी गेलेच नाही, ऑटो केला आणि सरळ मळ्यात गेले. सकाळी डबा घेऊन घरातून निघणारा माणूस सेंटरवर नसेल तर दुसरीकडे कुठे असणार?

दादा पाण्यात उभा होता. पँट गुडघ्यापर्यंत वर केलेली, हातात फावडं, आणि वांग्याच्या एका वाफ्यातून दुसऱ्या वाफ्यात पाणी फिरवत होता. डायलिसिसच्या माणसाला दिवसाला मोजकं पाणी मिळतं, तांब्याभरसुद्धा नाही. टमाटे नको, पालक नको, केळी नको. त्याने पिकवलेलं बहुतेक सगळं त्याला वर्ज्य होतं. पाय सुजले होते हे मला बांधावरूनही दिसलं.

"तू इथं काय करून रायला?" मी ओरडले. अमरावतीत कमावलेली माझी भाषा अशा वेळी पार उडून जाते.

त्याने वळून पाहिलं. दचकला नाही, लाजला नाही. "आली काय बाई? चप्पल काढ, चिखल हाय."

"दादा, आज शुक्रवार हाय."

"मले ठाव हाय ना." त्याने एक वाफा बंद केला, दुसरा उघडला. दोन-तीन फावड्यांतच त्याला धाप लागली. मग फावड्यावर रेलून तो म्हणाला, "आयक. मंगळवार मशीनचा. बुधवार झोपीचा, उठवतच नाई मले. गुरुवारी जरासक मानसात येतो, तं शुक्रवारी पुन्हा सुई. मंग माहा दिवस कोणता वं? मीनं शुक्रवार ठेवला माह्यासाठी."

मी त्याला सांगायचं ते सगळं सांगितलं. छातीत पाणी भरेल. हृदयावर जाईल. मरशील, हा शब्दही मी बांधावर उभं राहून सरळ वापरला, कारण गोड बोलणं मला कधी जमलंच नाही. तो म्हणाला, "ते तं दोन्हीकडून हायच." आणि मला हसवायला म्हणून पुढे म्हणाला, "अन् माही जागा काई वाया नाई जात. तथी बाकावर किती लोकं बसले रायतात, कोणाचा नंबर चुकला तं आपल्याले भेटन म्हणून. माह्या जागी कोणी ना कोणी घुसतच असन. तेवढंच पुण्य."

तेव्हा मला कळलं की त्याला ठाऊकच नाही.

"कोणी नाही घुसत," मी म्हटलं. "ताई तुझी जागा धरून ठेवतात. तू येशील म्हणून. तुझ्या नावावर ते मशीन सकाळभर रिकामं पडलेलं असते."

"रिकामं?"

"हो."

"अन् बाकावरचे?"

"बसून बसून घरी जातात."

 पाणी वाफ्यातून ओसंडून बांधावर चढायला लागलं तरी त्याने फावडं हलवलं नाही. दादाच्या हातून असं कधी होत नसे. मग तो मोटर बंद करून आला, पाय धुतले, चपला घातल्या आणि म्हणाला, "चाल."

त्याची स्कुटी मी चालवली, तो मागे बसला. मला इतका आनंद झाला होता की मी रस्ताभर बोलत होते. रागावून का होईना, मी त्याला परत वळवलं होतं. मी त्याला माझं काम समजावून सांगितलं, वीस कनेक्शनं, सरांचे शंभर, ताईंचे गुंड, सगळं. घेतलं की परत ठेवायचं, एवढंच असतं रे, मी म्हटलं, आणि एवढंच कोणाला जमत नाही. तो मागून हुं हुं करत होता. मी हेही सांगितलं की मी आता अशी सोय करणार आहे, की दहा मिनिटं पानाला कोणी हात लावला नाही तर कनेक्शन आपोआप सुटेल, जागा मोकळी होईल आणि बाकावर वाट बघणाऱ्याच्या मोबाइलवर निरोप जाईल. "हे बरं केलं," तो म्हणाला.

सेंटरवर तो आत मशीनकडे वळलाच नाही. काउंटरपाशी गेला. ताईंनी त्याला पाहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला, लगबगीने त्या पानाकडे वळल्या. तो म्हणाला, "ताई, माहा शुक्रवार काढून टाका. बसलेल्यातल्या कोणाले देऊन द्या."

ताईंनी माझ्याकडे पाहिलं.  

"मी नाई काढत," ताई म्हणाल्या. "माह्या हातानं नाई होत ते. तुमी आज आले हा ना, पडा मशीनवर. पुढचं पुढं पाहू."

"दादा, ऐक माझं," मी त्याचा हात धरला. मशीनच्या सुईसाठी डॉक्टरांनी जोडून दिलेल्या शिरेची फुगीर गाठ माझ्या बोटांखाली थरथरत होती. "बाकीच्यांची दहा मिनिटांत सुटू दे. तुझ्या नंबरापुरता मी अपवाद करते. एका ओळीचं काम आहे. तुझी जागा कोणी घेणार नाही. तुला वाटेल तेव्हा ये."

"अन् नाई वाटलं तं?" तो म्हणाला. "मशीन पुन्हा रिकामंच ना वं? आताच तूच सांगत आली रस्त्यानं, घेतलं तं परत ठेवा म्हणून."

मी त्याच्याशी भांडले. व्हरांड्यात, सगळ्यांसमोर, आवाज चढवून. त्याला स्वार्थी म्हटलं, पळपुटा म्हटलं. बाकावरची माणसं खाली बघत होती. तो भिंतीला टेकून उभा राहिला, कारण त्याला उभं राहवत नव्हतं, आणि माझं संपल्यावर म्हणाला, "झालं? चाल, तुही वहिनी भाकर टाकत असन."

वहिनीला सांगावं कसं, या विचारात मी घरी गेले, तर तिने ताट वाढता वाढता सांगितलं की तिला ठाऊक होतं. "मशीनवरून आलेल्या मानसाच्या पायाले चिखल असते काय?" ती म्हणाली. "पण नणंदबाई, शुक्रवारी तो हसत घरी येते. मंगळवारी नाई येत हसत. मी कोणत्या तोंडानं इचारू?" एवढं बोलून ती आत गेली, आणि आम्ही भाऊबहीण जेवलो. त्याच्या ताटात बिनमिठाचं वरण होतं.

अमरावतीला परत आल्यावर मी ती सोय लावली. जागा अडवून ठेवायचं काम कनेक्शनाकडून काढून घेतलं, दहा मिनिटांची मुदत घातली, वीसचे वीसच ठेवले. अपवादाची ओळ मी लिहिली नाही. लिहायला हात शिवशिवत होते हे खरं आहे. पण त्याने समोर उभं राहून नाही म्हटलेलं होतं, आणि त्याच्या मागे त्याच्याच जिवावर कारभार करायचा हक्क मला कोणी दिला होता?

पुढच्या शुक्रवारी मी तक्ता उघडून बसले. ताईंनी नेहमीप्रमाणे सकाळी आल्या आल्या दादाचं पान उघडलं. चौकट पिवळी झाली. त्यांना मुदतीचं सांगितलेलं होतं, तरी त्यांनी उघडलं. थोड्या वेळाने चौकट पांढरी झाली. कोणी काढलं नाही, कोणी खोडलं नाही, ताईंनी नाही, मी नाही. मुदत संपली आणि ते गेलं. मग तिथे दुसरा नंबर आला आणि चौकट परत पिवळी झाली. शेजारची मुलगी फोन न वाजताच उठून पाणी आणायला गेली. माझ्या डोळ्यांना धार लागली होती.

त्या दिवसापासून साइट अडकली नाही. सरांनी सगळ्यांना समोसे मागवले. अमरावतीच्या सिस्टरचा फोन बंद झाला, आणि मला तो हवाहवासा वाटायला लागला, कारण कोणावर तरी ओरडायची मला फार गरज होती. दादा मंगळवारी जात राहिला. शुक्रवारी मळ्यात. मी दर शुक्रवारी सकाळी त्याला फोन करायची आणि तो फोन मोटरजवळ धरायचा, मला पाण्याचा आवाज ऐकवायला. पुढे पुढे तो खाटेवर बसून गड्याला सांगायचा, हा वाफा फोड, तो बांध. थंडी पुरती पडायच्या आत एका सोमवारी त्याचा श्वास कोंडला. दवाखान्यात नेलं, पण मंगळवार त्याला गाठता आला नाही. मी पोहोचले तेव्हा त्याच्यावर पायांपासून तोंडापर्यंत चादर ओढली होती. मी त्याला स्वार्थी म्हटलं होतं, तो व्हरांडा आणि तो शब्द मला त्या दिवसापासून सोडत नाही. तो स्वार्थी असता तर बरं झालं असतं. मला तसाच हवा होता.

तेरवी होऊन गेल्यावर काही दिवसांनी अकोल्याच्या काउंटरवर नवा कॉम्प्युटर बसवायचा होता. दुसऱ्या कोणालाही पाठवता आलं असतं. मी गेले. शुक्रवार होता. ताई मला पाहून उठल्या, मी तारा जोडायला बसले.

बाहेर बाकावर एक बाई बसल्या होत्या. खेड्यावरच्या, डोक्यावर पदर, मांडीवर डब्याची पिशवी. आत मशीनवर त्यांचा मुलगा होता, तिशीतला, काचेतून दिसत होता. माझं काम संपवून मी बाहेर आले तेव्हा त्यांनी मला थांबवलं.

"तुमी कम्पुटरवाल्या मॅडम हा ना? ताई सांगत होत्या."

मी हो म्हटलं.

"आमाले हा शुक्रवार तुमच्या कम्पुटरनंच देल्ला जी. पोराच्या मोबाइलवर आलं, जागा मोकयी झाली म्हणून. लय दिवस नुसतं बसून परत जाऊन रायलो होतो." त्यांनी माझा हात हातात घेतला. "मी देवाजवळ रोज म्हणतो, पयले ज्याचा हा नंबर होता त्याचं भलं कर. बरा झाला असन ना तो? म्हणून तं सोडला ना त्यानं नंबर?"

 काउंटरवर ताईंनी मान खाली घातली होती.

"होते ना मॅडम मानूस बरा यातून?" त्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या. "कोणी तं झाला असन ना?"

मी कडू बोलणारी बाई आहे, कोणाला खोटा धीर देत नाही, असं माझ्याबद्दल सगळे सांगतात.

"हो," मी म्हटलं. "बरा झाला तो."

"मंग माहाबी होईन," त्या म्हणाल्या, आणि पिशवी मांडीवर ओढून घेत त्यांनी मला बाकावर जागा करून दिली. मी त्यांच्याजवळ बसले.